टोपलीत उरलेला एक

"किटलीचं झाकण असं तिरकं ठेवायचं," मी म्हणाले. "म्हणजे वेटरला कळतं, चहा संपला. हाक मारायची नाही."

"आणि न्हाई कळलं तर?" रेहानानं विचारलं.

"कळतं."

"हाक मारली तं काय होते वो?" कुंदा म्हणाली. "पोस्टात दिवसभर तेच तं करा लागते मले."

"इथे नाही मारायची. आणि कोणी आपल्या कपात चहा ओतला, की दोन बोटं वाकवून टेबलावर अशी टकटक करायची. म्हणजे आभार मानले."

तिघींनी लगेच टेबल वाजवायला घेतलं. कपात अजून चहाचा थेंब नव्हता. शेजारच्या टेबलावरचे टाय लावलेले गृहस्थ मान वळवून बघायला लागले, तशी विभानं दोघींना डोळ्यांनी दटावलं आणि आपलीही बोटं हळूच मांडीवर घेतली.

मी मात्र खुर्चीत ऐसपैस बसले होते. मुंबईतल्या एका मोठ्या हॉटेलात मी चार वर्षं कामाला होते, पण तिथल्या 'नऊ कंदील' या चिनी रेस्टॉरंटमध्ये खुर्चीवर बसण्याची माझी ती पहिलीच वेळ. माझी जागा किचनच्या ढकलदारामागे, वाफेत. मी डिम सम करायची. बांबूच्या छोट्या टोपल्यांतून येणारे, बरेचसे वाफवलेले चिनी पदार्थ, चहाचे घोट घेत आणि गप्पा मारत खायचे. तेव्हा मुंबईत ते फार थोड्या ठिकाणी मिळत आणि ते करणारी बाई मी सोडून दुसरी मला तरी माहीत नव्हती. हे मी तेव्हाही छाती पुढे काढून सांगायची आणि आजही सांगते.

तिघी माझ्या हॉस्टेलवरच्या. रेहाना मुजावर मिरजेची, टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर. फोन कानाला नसला तरी ती ट्रंककॉलवर असल्यासारखीच बोलायची. कुंदा मेश्राम भंडाऱ्याची, तलावातल्या झिंग्यांवर वाढलेली. विभा राजहंस पुण्याची, कोर्टात स्टेनो, आणि आमच्या खोलीतली एकमेव शिस्तीची बाई. या तिघींना मी इतकी वर्षं डिम सम खाऊ घालत होते, पण ते कसे? ड्यूटी संपल्यावर डब्यात भरून नेलेले, गारढोण, एकमेकांना चिकटलेले. त्या गोळ्यांवरसुद्धा तिघींच्या आवडी पक्क्या झाल्या होत्या आणि त्यावरून भांडणंही होत. आज पहिल्यांदाच त्या गरम खाणार होत्या.

"पण सुमित्रा, आज हे कशाबद्दल?" विभानं विचारलं. "तुझा वाढदिवस तर श्रावणात असतो."

"असंच. शेफ म्हणाले, मैत्रिणींना घेऊन ये."

हे खरं होतं. फक्त निम्मंच खरं होतं.

उरलेलं निम्मं असं की शेफ ल्याओ दिवाळीनंतर कायमचे घरी जाणार होते. घर म्हणजे कलकत्त्याची चिनी वस्ती, जन्मही तिथलाच. बोलायचे हिंदी, तेही बंगाली वळणाचं आणि मोजून मापून. आपल्यामागे डिम समचा विभाग कोणाच्या हाती द्यायचा हे मालकांनी त्यांच्यावरच सोडलं होतं. आम्ही दोघं होतो, मी आणि तमांग. तमांग दार्जिलिंगचा, माझ्या आधी लागलेला, हात माझ्यापेक्षा चपळ. किचनमध्ये सगळे धरून चालले होते की तमांगच. एक बाई पहाटे येऊन दार उघडणार आणि पुरुषांना कामं वाटून देणार, हे कोणाच्या डोक्यात बसत नव्हतं. माझ्या डोक्यात ते व्यवस्थित बसलं होतं. मला ती जागा हवी होती, अगदी मनापासून हवी होती, आणि ती आपल्याला जमेल याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती.

शेफची परीक्षा घ्यायची तऱ्हा त्यांची स्वतःची होती. चव घेऊन ते काही ठरवत नसत. ज्याची परीक्षा त्यानं आपली माणसं बोलवायची आणि त्यांच्याबरोबर टेबलावर बसायचं. त्यानं सकाळी केलेले हार गाव इतर पदार्थांबरोबर टेबलावर जाणार. हार गाव म्हणजे कोळंबी भरलेली चुणीदार करंजीच म्हणा ना, पारी इतकी पातळ की आतली गुलाबी कोळंबी दिसावी. डिम सम करणाऱ्याचा हात तिच्यावरूनच ओळखतात. नियम दोनच होते. कोणी काय केलंय हे पाहुण्यांना सांगायचं नाही. आणि आपण केलेल्याला आपण हात लावायचा नाही. दुसऱ्यांनी केलेलं हवं तितकं खा. मग टोपल्या आत जाणार आणि शेफ त्या बघणार.

"टोकरी खाली आना चाहिए," त्यांनी मला बजावलं होतं. "एक पीस भी वापस आया, तो समझो कुछ गड़बड़ है."

आदल्या आठवड्यात तमांगनं आपल्या भावंडांना आणलं होतं. त्याच्या टोपल्या धुतल्यासारख्या रिकाम्या आत आल्या होत्या.

चहा आला. मी ओतला. टकटक झाली, कुंदानं तर ठेकाच धरला. मग एकेक टोपली यायला लागली आणि तिघी पुढे सरसावल्या.

मुळ्याच्या वड्या विभाच्या. घरी मुळ्याच्या वासानं उठून जाणारी ही मुलगी, पण तव्यावर खरपूस परतलेल्या त्या वड्या समोर आल्या की तिची शिस्त ढिली व्हायची. आज तिनं पहिलीच वडी तोंडात टाकली आणि डोळे मिटून घेतले.

"अगं, ही कुरकुरीत असते!" ती म्हणाली. "चार वर्षं तू आम्हाला काय खायला घालत होतीस?"

"तीच. फक्त गार."

कमळाच्या पानात बांधलेला भात कुंदाचा. तिनं दोरा सोडला, पान उघडलं आणि नाक खाली नेऊन खोल वास घेतला. मग म्हणाली, "आमच्या तलावात कमळंच कमळं आहेत. पन त्याच्या पानात भात बांधाचं कोनाले सुचलं नाही पाय. मायले सांगतो आता." आणि तिनं तो भात बोटांनी खायला सुरुवात केली. विभानं तिच्याकडे सरकवलेला चमचा गुपचूप परत ओढला.

रेहाना डुकराचं खात नसे, बाहेरची कोंबडीही नाही, त्यामुळे प्रत्येक टोपलीवर "यात काय हाय?" असा तिचा पहारा. ती फक्त हार गावची वाट बघत होती. आणि माझ्यापुढे होते कोंबडीचे पाय, काळ्या घेवड्याच्या तिखटसर रश्शात शिजून लुसलुशीत झालेले. ते तमांगनं केले होते. खोटं कशाला बोलू, ते मला त्याच्यासारखे कधीच जमले नाहीत. मी एकेक हाड चोखून बाजूला ठेवत होते आणि विभा माझ्याकडे न बघता बोलत होती.

मग हार गावची पहिली टोपली आली. झाकण काढल्यावर वाफ वर गेली आणि खाली चार जणी एकमेकींना टेकून बसलेल्या दिसल्या. मी हात मांडीवर ठेवले.

रेहानानं पहिली उचलली, फुंकर मारली, दातांनी अर्धी तोडली. मी तिच्या जबड्याकडे बघत होते.

"काय गं हे," ती म्हणाली, आणि उरलेली अर्धी तोंडात गेल्यावर पुढचं काही ऐकू आलं नाही.

"झिंगा कसा ताजा लागते," कुंदा म्हणाली. झिंग्याच्या बाबतीत ती कोणाचं कौतुक करत नसे. "कोनं केलं असन हे?"

"आहे एकजण," मी म्हणाले.

चौथी कोणी खायची यावरून रेहाना आणि कुंदाची जुंपली. "सुमे, तू घे की," रेहाना मध्येच म्हणाली.

"नको. माझं पोट जरा बरं नाही."

"आत्ता कोंबडीच्या पायांचा फडशा पाडलास," विभा म्हणाली. "आणि कोळंबीला पोट?"

मी चहा प्यायले. ती चौथी शेवटी रेहानानं पळवली. दुसरी टोपली आली, तीही बघता बघता रिकामी झाली. मला आतून इतकं हसू येत होतं की ते दाबायला मी परत परत चहा पीत होते. ढकलदाराला एक गोल काच होती. त्या काचेतून शेफ बघत असणार हे मला माहीत होतं. बघू दे म्हटलं.

तिसरी आणि शेवटची टोपली आली. झाकण मीच उचललं.

आत तीन हार गाव होते आणि एक मोदक.

मोदक म्हणजे अगदी मोदकच, उभा, कळ्या पाडलेला, वर नाक काढलेला, फक्त पारीतून कोळंबी दिसणारा. माझाच होता. आमच्याकडे दापोलीच्या बाजूला मोदकांच्या घाण्यात एक करंजी करतात आणि करंज्यांच्या घाण्यात एक मोदक. आईच्या हाताखाली मी तशीच शिकले. या किचनमध्ये आल्यावरही हाताची खोड गेली नाही. रोज शेवटच्या पारीचा मी मोदक करायची, शेवटच्या टोपलीत चौथ्या जागी ठेवायची, आणि टोपली बाहेर जायच्या आधी तो काढून उभ्या उभ्या खायची. त्याची जागा भरायला एक हार गाव बाजूला ठेवलेला असायचा. आज सकाळीही हातानं तेच केलं होतं. पण आज काम उरकताच शेफनी, "जा, साडी पहनो, मेहमान आएगा," म्हणून मला बाहेर काढलं, आणि मोदक काढायला मी तिथे नव्हतेच.

"सुमे!" रेहानाचा आवाज पार दारापर्यंत गेला. "हे तू केलंयस!"

"हळू बोल."

"तरीच," विभा म्हणाली. "तरीच मघापासून आमच्या तोंडाकडे बघत बसली होतीस."

त्यांना कळायला वेळ लागणारच नव्हता. हॉस्टेलवर संकष्टीला वॉर्डनबाईंची नजर चुकवून मी शेगडीवर मोदक करायची, आणि त्यात एक करंजी असायची. ती करंजी माझी. का माझी, हे मी कधी सांगितलं नव्हतं आणि त्यांनी विचारलं नव्हतं. एकदा कुंदानं तिला हात लावला तेव्हा मी तिच्या हातावर उलथनं मारलं होतं. तेव्हापासून वेगळ्या आकाराचं ते सुमीचं, एवढं खोलीत ठरून गेलं होतं.

तिघींनी एकेक हार गाव उचलला आणि खाल्ला. मोदक टोपलीत एकटा राहिला. रेहानानं टोपली माझ्याकडे सरकवली.

"घे. तुझा हाय."

"मला नकोय. तुम्ही खा."

"आमी कशा खाऊ वो?" कुंदा म्हणाली. "तुयावाला आहे तो."

"मी सांगते ना, खा. कोणीतरी एक जणी खा. रेहाना, तू मघाशी चौथीसाठी भांडत होतीस."

"ती गोष्ट येगळी. ते साधं होतं."

"कुंदा, निदान तू तरी."

"मार खाल्ला तेवढा पुरे," कुंदा म्हणाली आणि हात पदराखाली लपवले.

काय सांगणार? सांगायचं नाही हाच तर नियम होता. मी टेबलाखालून विभाच्या पायाला पाय लावला. तिनं माझ्याकडे बघितलं, थोडा विचार केला, आणि कोर्टात इतकी वर्षं बसून आलेल्या हुशारीनं तिला सगळं समजलं, म्हणजे सगळं चुकीचं समजलं.

"हिला इथे खायची मनाई असणार," ती दोघींना हळूच म्हणाली. "नोकरीचा प्रश्न आहे. उगाच आग्रह करू नका."

त्याच क्षणी कुंदाला आठवलं की किटली रिकामी आहे. तिनं मोठ्या ऐटीत झाकण उचललं आणि तिरकं ठेवलं. हाक न मारता वेटर आला. कुंदाचा चेहरा नुसता फुलला.

वेटर किटली घेता घेता टोपल्या एकावर एक रचायला लागला. हात तिसऱ्या टोपलीशी आला तसा मी रुमाल मुठीत घेतला. मोदक रुमालात गुंडाळून पर्समध्ये टाकायला किती वेळ लागतो? कोणाला कळलंही नसतं. पण तो काय चोरीचा होता? सकाळी सगळ्यांत नीट झालेला तो एकच होता, आणि त्याला रुमालात कोंबून मिळणारी खुर्ची मला पसंत नव्हती. मी रुमाल सोडला.

"भैया, ये अंदर ठीक से रख देना," विभा वेटरला म्हणाली. "ये इनका है, बाद में खाएँगी."

टोपली आत गेली. विभानं माझ्याकडे बघून डोळे मिचकावले, बघ कसं जमवलं अशा अर्थानं. आयुष्यात पहिल्यांदा मला तिचा गळा दाबावासा वाटला, आणि त्याच वेळी तिला मिठीही मारावीशी वाटली.

थोड्या वेळानं ढकलदार उघडलं आणि शेफ ल्याओ स्वतः बाहेर आले. ते कधी बाहेर येत नसत. हॉलमधले वेटर जागच्या जागी ताठ झाले. शेफच्या हातात ती टोपली होती. ती त्यांनी आमच्या टेबलावर मधोमध ठेवली.

"ये क्या है?"

मी उभी राहिले. "मोदक है, शेफ. मेरा है."

"हार गाव का टोकरी में?"

"जी."

"गलती से बनाया?"

हो म्हटलं असतं तर गोष्ट तिथंच मिटली असती. "नहीं. बनाया तो जानबूझकर. रोज बनाती हूँ. टोकरी में रह गया, वो गलती."

शेफनी मान वळवली आणि मैत्रिणींना विचारलं, "आप लोग क्यों नहीं खाया? अच्छा नहीं था?"

तिघी एकदम बोलायला लागल्या. शेवटी कुंदाचा आवाज वर राहिला. "साहेब, अच्छा कैसे नहीं? पन वो उसका है न. जो बनाती है, उसका रहता है वो. हम कैसा खाएँगे?"

"कौन बोला ऐसा?" प्रश्न मला होता.

तेव्हा मी ते सांगितलं. मैत्रिणींनाही ते पहिल्यांदाच कळत होतं. आमच्या गावात कोणाकडेही मोदक करायचे असले की आईला बोलवत. ती पहाटेपासून चुलीपुढे बसे. पुढच्या पंगती उठत, मागच्या बसत, आग्रह होत, आणि आई जेवायला बसे तेव्हा मोदकपात्रात नुसतं पाणी उरलेलं असे. विचारलं तर लोक सांगत, मोदकाला बहीण हवी म्हणून घाण्यात एक करंजी करायची. आईनं मला कानात सांगितलं होतं, बहीण वगैरे राहू दे. आकार वेगळा असला की वाढणारी ती ताटात वाढत नाही, खाणारा मागत नाही, म्हणून करणारीला निदान एक मिळते. तू कुठेही कर, कोणासाठीही कर, पण एक वेगळी करून ठेव.

मी हे मोडक्यातोडक्या हिंदीत सांगत होते. रेहाना टेबलाकडे बघत होती. मला वाटतं, तिचे डोळे भरले होते, पण ती ते कबूल करणार नाही.

शेफ टोपलीतल्या मोदकाकडे बघत होते. चार वर्षांत मी त्यांना स्वतः केलेला एकही हार गाव निवांतपणे खाताना पाहिलं नव्हतं. सगळं आटोपल्यावर ते वाफेच्या भांड्याशी उभं राहून वाडग्यात पांढरा भात घेत आणि त्यावर सोया सॉस ओतत. मला त्या वेळी तो वाडगाच आठवला.

त्यांनी शेजारची एक खुर्ची ओढली आणि बसले. टोपली माझ्यापुढे सरकवली.

"खा."

"शेफ, पर नियम—"

"नियम ये था, टोकरी खाली होना चाहिए. खाली कर."

मी बसले आणि खाल्ला. निवला होता. घाई केली नाही. दोन घास केले. चौघंही माझ्याकडे बघत होते आणि मला त्याचं जराही अवघडलेपण वाटलं नाही.

"कैसा है?"

"अच्छा है. नमक थोड़ा कम है."

शेफच्या तोंडाचा एक कोपरा हलला. मग त्यांनी नवी आलेली किटली उचलली आणि माझ्या कपात चहा ओतला. आमच्या किचनमध्ये चहा धाकट्यांनी ओतायचा असतो. शेफनी कोणाला ओतलेला मी कधी पाहिला नव्हता. मी नुसती बघत राहिले. कुंदानं मला कोपरानं ढोसलं.

"वाजव न वो!"

मी दोन बोटं वाकवली आणि टेबलावर टकटक केली.

"कल सुबह दरवाजा तू खोलेगी," शेफ म्हणाले, उठले आणि आत गेले.

"कुठलं दार?" रेहानानं विचारलं.

मग मी सगळं सांगितलं. परीक्षा, तमांग, नियम, रिकाम्या टोपल्या. सांगून झाल्यावर रेहाना अशी किंचाळली की टायवाल्या गृहस्थांच्या हातातली चॉपस्टिकची काडी खाली पडली. आणि विभा राजहंस, जिनं मघाशी दोघींना दटावलं होतं, तिनं दोन्ही हातांनी टेबल बडवलं.

कुंदा मात्र विचारात पडली होती. "म्हंजे आमी तो खाल्ला असता तं?"

"तर टोपली रिकामी गेली असती."

"आन मंग?"

"मग काय. बरोबरी झाली असती, आणि बरोबरीत बहुतेक तमांग."

तिघींनी एकदम रिकाम्या टोपलीकडे बघितलं. मग कुंदा म्हणाली, "मंग आता अजून एक टोपली बलाव. डोकं चालवल्यावर भूक लागते मले." आणि तिनं झाकण तिरकं केलं. किटली भरलेली होती. वेटर तरीही आला.

दुसऱ्या दिवशी दार मी उघडलं. तमांगनं आठवडाभर तोंड फुगवलं, मग एक दिवस न सांगता माझ्यासाठी कोंबडीचे पाय बाजूला काढून ठेवले. पुढे त्यानं स्वतःचं हॉटेल काढलं, आणि मी माझं. माझ्याकडे पहिल्या दिवसापासून एक पद्धत आहे. शेवटच्या पारीचा आकार वेगळा करायचा आणि तो करणाऱ्यानं खायचा. मणिपूरच्या एका मुलीनं एकदा मासा केला होता, शेपटीसकट. तिचा तिनं खाल्ला. तिघी मैत्रिणी अजून येतात. विभाच्या वड्या, कुंदाचा भात, रेहानाचं "यात काय हाय?" सगळं तसंच आहे.

चार वर्षांपूर्वी एका दुपारी मी माझ्या हॉटेलच्या किचनमध्ये उभी असताना आमचा वेटर टोपली घेऊन आला. चेहरा पडलेला.

"मॅडम, खिडकीजवळच्या म्हाताऱ्या साहेबांनी एक पीस सोडलाय. बाकी सगळं चाटूनपुसून खाल्लं. खराब आहे का विचारलं, तर म्हणाले, अंदर दे दो."

टोपलीत एक हार गाव होता. साधाच, इतरांसारखा. त्या दिवशी ते सगळे मीच केले होते.

मी दाराच्या काचेतून बघितलं. पाठमोरा माणूस होता, केस पांढरे झालेले, सोबत त्यांची मुलगी असावी. किटलीचं झाकण तिरकं होतं.

"परत पाठवू का दुसरी टोपली?" वेटरनं विचारलं.

"नको," मी म्हणाले. "ते माझं आहे."

मी तो हार गाव उभ्या उभ्या खाल्ला, हात पुसले, नवी किटली घेतली आणि बाहेर गेले. कपात चहा ओतला. वर न बघताच त्यांनी दोन बोटांनी टेबलावर टकटक केली.

"नमक ठीक था?" त्यांनी विचारलं.

"इस बार ठीक था," मी म्हणाले.